दारावर आलेले ‘अपग्रेड’: अलार्म यंत्रणेविषयीचे आपले अनुभव

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या उपनगरांत घरफोडीचा इशारा देणारे अलार्म विकणारी तरुण मुले दारोदार फिरू लागतात. अंगणातली अलार्म कंपनीची पाटी पाहून आपली कंपनी कोणती हे ते आधीच हेरतात आणि “तुमची यंत्रणा आता चालत नाही, बदलून द्यायला आलो आहे,” असे सांगतात. त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य असते, म्हणूनच माणूस फसतो. एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी आणि व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा त्या जाळ्यावर चालणारी जुनी पॅनेले, म्हणजे अलार्मच्या भिंतीवरच्या नियंत्रण पेट्या, खरोखरच मुकी झाली होती. आपल्यापैकी ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी तो सविस्तर लिहावा, ही विनंती.

एडिसन, न्यू जर्सी

एका गुरुवारी दुपारी आम्ही दोघे कामावर होतो आणि घरी फक्त नाशिकहून आलेले माझे सासरे होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा म्हणाला, “कंपनीनेच पाठवले आहे.” दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय परत न पाठवणाऱ्या सासऱ्यांनी त्याला आत घेतले. पाऊण तासात जुने पॅनेल भिंतीवरून उतरले, तिथे चार भोके आणि रंग न दिलेला चौकोन राहिला, आणि टॅब्लेटवर बोटाने सही झाली. संध्याकाळी कागद वाचल्यावर कळले की करार दुसऱ्याच कंपनीचा आणि तब्बल ६० महिन्यांचा होता. जुन्या कंपनीशी केलेला करारही चालूच असल्याने दोन्हीकडचे मासिक शुल्क आमच्याच माथी बसणार होते.

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमानुसार घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची विक्री तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कारण न देता रद्द करता येते. त्यात शनिवार धरतात, रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे आमच्या हाती सोमवारपर्यंतचा वेळ होता. विक्रेत्याने रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती द्यायला हव्या होत्या, त्या दिल्याच नव्हत्या. मी स्वतःच पत्र लिहिले, शुक्रवारी सकाळी सर्टिफाइड मेलने पाठवले आणि पावती जपून ठेवली. करार रद्द झाला. सासरे मात्र कित्येक दिवस घंटा वाजली की दचकत असत, आणि त्याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते.

ऑस्टिन, टेक्सास

मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. घरातला भोंगा वाजणे वेगळे आणि देखरेख केंद्राला, म्हणजे कंपनीची माणसे अशा इशाऱ्यांवर लक्ष ठेवतात त्या ठिकाणी, संदेश पोहोचणे वेगळे. पूर्वीचे पॅनेल टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ठरावीक सूर पाठवत असे. लोकांनी लँडलाइन काढून इंटरनेटवरचा फोन घेतला की ते सूर कित्येकदा वाटेतच बिघडतात, आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. आजची पॅनेले एलटीई (फोरजी मोबाइल जाळे), वायफाय किंवा दोन्ही वापरतात. दोन्ही असलेले चांगले, कारण वीज गेल्यावर राउटर बंद पडला तरी बॅटरीवर चालणारे पॅनेल मोबाइल जाळ्यावरून संदेश पाठवू शकते.

कोणी “तुमचे थ्रीजी आहे” म्हणाले, तर आपल्या जुन्या बिलावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर करू नका. त्याच फोनवर यंत्रणा चाचणी स्थितीत ठेवायला सांगून भोंगा वाजवा आणि संदेश कोणत्या मार्गाने पोहोचला ते विचारून घ्या. बहुतेक वेळा फक्त संपर्काचा छोटा भाग बदलावा लागतो, सेन्सर तेच राहतात. टेक्सासमध्ये अशा कंपन्यांना सार्वजनिक सुरक्षा विभागाचा परवाना लागतो, तो क्रमांकही मागावा.

मिसिसॉगा, ऑन्टारियो

आमच्याकडे आलेल्याने “तुमची कंपनी आम्ही विकत घेतली” असे सांगितले. मी माझ्या कंपनीला फोन लावला तेव्हा ते धादांत खोटे निघाले. इथे घरी केलेला करार दहा दिवसांत रद्द करता येतो, परंतु माझ्यावर ती वेळ आली नाही, कारण दाराची साखळी मी काढलीच नव्हती.