आजीच्या लुगड्यांची गोधडी : कोणाकडून आणि कशी शिवून घ्यावी?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार. आजीची तीन नऊवारी लुगडी माझ्याकडे आहेत. दोन सुती असून धुऊन धुऊन मलमलीसारखी मऊ झाली आहेत. तिसरे इरकल आहे. त्याचा पदर शाबूत असला तरी घड्यांवर ते विरले आहे. पुण्याला वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मुलीसाठी यांची पाच बाय सात फुटांची गोधडी शिवून घ्यायची आहे. दोरा आणि मजुरी धरून अडीच हजार रुपयांच्या वर मला जाता येणार नाही. हाताने शिवणाऱ्या बायका मजुरी कशी ठरवतात आणि इरकल यात घालावे की नाही, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. कृपया तयार गोधड्या सुचवू नयेत.

घृष्णेश्वर_रोड
ताई, तयार गोधडी सुचवू नका असे आपण लिहिले आहे, तरीही सांगतो. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मी अकरा हजारांना हाताने शिवलेली गोधडी घेतली आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याविषयीच विचारतो. अडीच हजारांत चांगले काम होत नाही. बजेट थोडे वाढवावे.

नीम_सावली (बीड)
अकरा हजारांच्या गोधडीत ताईंच्या आजीचे लुगडे असणार आहे का? असो, मुद्द्याचे लिहिते, कारण आईच्या हाताखाली मी अशा बऱ्याच गोधड्या शिवल्या आहेत.

आधी हिशेब करा. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. त्यातून सात-सात फुटांचे तीन तुकडे निघतात आणि वर सहा फूट उरते. लुगड्याचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो, म्हणून तीन तुकडे एकमेकांना जोडले की रुंदी अकरा फुटांच्या आसपास जाते आणि पाच फुटांचे दोन थर होतात. याचा अर्थ दोन सुती लुगड्यांतच चार थर बसतात आणि इरकलाला हात लावायची गरजच उरत नाही. विरलेला भाग आतल्या थरांत घालावा, धड भाग वरखाली ठेवावा.

थर जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, जे असेल ते ठेवतात, आधी लांब कच्चे टाके घालतात आणि मग कडेने धावदोरा सुरू करून फेरे घेत घेत मध्यभागी येतात. आमच्याकडे मजुरी नगावर ठरते. टाका किती बारीक हवा, त्यावर ती वाढते. दोरा सुतीच द्यावा, कारण नायलॉनचा दोरा जुन्या कापडाला कापत जातो.

पूर्णाकाठचा_मास्तर (परभणी)
वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु जुन्या लुगड्यांची जी शिवतात तिला आमच्या भागात वाकळ म्हणतात. गोधडी हा शब्द शहरातून आला असावा.

नीम_सावली
मास्तर, आमच्या गावात दोन्ही शब्द आहेत. पाहुण्यांना देतात ती गोधडी आणि घरातले अंथरतात ती वाकळ.

पूर्णाकाठचा_मास्तर
हा भेद मला मान्य नाही, पण वाद वाढवत नाही.

रंग_उडाला (नांदेड)
इरकल अजिबात घालू नका. सासूबाईंच्या इरकलाचा लाल पदर मी हौसेने मध्यभागी लावला होता. पहिल्याच धुण्यात पांढऱ्या धोतराचे अस्तर अबीर-गुलाल खेळून आल्यासारखे झाले. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवले होते, तरी काही उपयोग झाला नाही.

घृष्णेश्वर_रोड
मिठाने रंग पक्का होतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

रंग_उडाला
ते अस्तर मी अजून ठेवले आहे, दादा. येऊन पाहावे.

साधा_टाका
हातानेच शिवून घ्यावी. इरकल घालू नये. सुती दोरा वापरावा.

चौकटीतली
एक वेगळा विचार मांडते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. अशी वस्तू वसतिगृहात वापरून फाडण्यापेक्षा इरकलाचा पदर मध्ये घेऊन भिंतीवर लावावी.

नीम_सावली
पोरीला थंडी वाजेल तेव्हा तिने भिंत पांघरायची का?

शिलाई_मशीन_नको
मी मशीनवर शिवून घेतली होती. शिंप्याने थर न टाचताच सुई चालवली, त्यामुळे खालचा थर सरकला आणि एका बाजूला चुण्यांचा डोंगर झाला. मजुरी नऊशे घेतली आणि वर म्हणाला, “कापडच जुने आहे.” हातानेच शिवून घ्यावी, हे वरही कोणीतरी सांगितले आहे.

मांजराकाठ
सर्वांचे आभार. आमच्या तालुक्यातल्या दोन बायकांना विचारले. दोघींनी चार हजारांच्या पुढे सांगितले, आणि वीस-पंचवीस दिवसांच्या कामाला ते जास्त नाहीत. घासाघीस करायला मन धजत नाही आणि तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, म्हणून मशीनवरच शिवून घेत आहे. वसतिगृहात धुणेही मशीनमध्येच होते.

इरकलही घालणार आहे. त्याचे टोक ओले करून पांढऱ्या रुमालावर घासले, तर रुमाल गुलाबी झाला, हे कबूल करते. तरी मुलीने पणजीला फक्त फोटोत पाहिले आहे आणि त्या फोटोत अंगावर तेच आहे. तीन वेळा वेगळे धुऊन मग शिंप्याकडे देईन.

रंग_उडाला
पाच वेळा धुवा.

नीम_सावली
ठरलेच असेल, तर एवढे करा. शिंप्याकडे नेण्यापूर्वी वितभर अंतरावर कच्चे टाके स्वतः घालून द्या. शिलाई मधून सुरू करून कडेकडे न्यायला सांगा, म्हणजे सरकलेले कापड कडेला निघून जाते, मध्ये गोळा होत नाही. टाका लांब ठेवायला सांगा. बारीक टाक्याने जुने कापड कागदासारखे फाटते. इरकल विरले आहे, म्हणून त्याच्या खाली सुती कापडाचा एक थर जास्तीचा ठेवा. आणि धुतल्यावर ती दोरीवर टांगू नये, बाजेवर पसरून वाळवावी, हे मुलीला बजावा. ओली गोधडी फार जड होते, तिच्या भाराने टाके तुटतात.

मांजराकाठ
वसतिगृहात बाज नाही हो. दोन खुर्च्यांवर पसरली तर चालेल का?

नीम_सावली
चार खुर्च्या घ्यायला सांगा.