विषय: कोल्हापूरच्या युवक संस्थेला मदत – पैसे कुठे पाठवायचे, कशासाठी द्यायचे?

नमस्कार मंडळी,
संस्थेला आता इचलकरंजीत दुसरं प्रशिक्षण केंद्र काढायचं आहे. मंडळाच्या खात्यातून त्यांच्या कोल्हापूरच्या खात्यात थेट पैसे भरले तर चालेल ना? आणि इमारतीला द्यावेत की पगारांना?
– सचिव

---

सचिवताई, थेट मुळीच भरू नका. मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणून आपली देणगी विदेशी धरली जाते. २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खात्यातच यावी लागते. कोल्हापूरला ती तिथून वळवतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यायची वाटही त्याच दुरुस्तीने बंद केली.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. छोट्या संस्था इथेच अडतात. मग एका देणगीदाराच्या ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागावी लागते. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत वैयक्तिक दिलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही. ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) ही सवलत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांचे पैसेही मंडळाच्या खात्यात गोळा करून पाठवले की विदेशीच होतात.

इमारतीचा विचार सध्या सोडा, पगाराला द्या. विदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर करता येत नाही. हिशेबनीस, ऑफिसचं भाडं त्यात येतं. प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांचे पगार येत नाहीत. केंद्र दोन झाली की हिशेब दुप्पट होतो, आणि तो पाहणारा माणूस मात्र एकच राहतो. संस्था बहुतेक इथेच कोलमडतात. म्हणून हिशेबनीसाचा पगार स्थानिक देणगीतून आधी पक्का व्हायला हवा.

इचलकरंजीत यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी असते. फक्त संध्याकाळचा वर्ग ठेवला की पाळी बदलताच अर्धी मुलं गळतात. एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा घ्यावा लागेल. म्हणजे शिक्षकाचे तासही तेवढेच धरा.

कोल्हापूरच्या केंद्रात शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना लागतं ते शिकवावं, आणि सुरुवात मोजमापापासून. मुलं मायक्रोमीटरचं (बारीक मापाच्या उपकरणाचं) रॅचेट, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणारी टोकाची कळ, न फिरवता थिंबलच (फिरती नळी) आवळतात, मग माप कमी दिसतं आणि चांगला जॉब (बनवलेला सुटा भाग) रिजेक्ट होतो. चार-पाच मुलांत एक मायक्रोमीटर दिला तर हात बसत नाही. दोघांत एक हवाच. महागड्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या आधी हा खर्च.

राहण्याची सोयही विचारा. चंदगड-राधानगरीकडचं पोर शेवटची एसटी गाठायला वर्ग अर्धा सोडतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी करायला बळ दिलं, ते खेड्यातलं पोर शिक्षणात टिकावं म्हणूनच. खोली भाड्याने घेताना पूररेषा बघा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारी सांगतील. मुलांचे मूळ दाखले तळमजल्यावर ठेवू नयेत.

---

धन्यवाद काका. मग संस्थेकडून तीन गोष्टी मागवते: एफसीआरए प्रमाणपत्र (मुदत पाच वर्षांची असते, संपायची तारीख बघू), दिल्ली खात्याचा तपशील आणि गेल्या वर्षी भरलेला एफसी-४ (विदेशी देणगीचं वार्षिक विवरणपत्र). इचलकरंजीच्या शिक्षकाचं वेतनपत्रक आलं की पहिला हप्ता. तोवर भारतीय पासपोर्टवाल्यांनी मंडळाकडे पैसे पाठवू नयेत, संस्थेला थेट द्यावेत आणि पासपोर्टची प्रत जोडावी.
– कोषाध्यक्ष