कोथरूडच्या १९८४च्या फ्लॅटमधली मोझॅक फरशी: ठेवावी की काढावी?

शिल्पा_कोथरूड:
हॉल आणि दोन्ही बेडरूममध्ये १० बाय १० इंची करडी-पांढरी मोझॅक, साधारण ५०० चौरस फूट. बाथरूमला चार फुटांपर्यंत फिकट निळ्या ६ इंची टाइल्स. स्वयंपाकघरात काळा कडप्पा ओटा आणि त्यामागे मध्येमध्ये फळांच्या टोपलीचं चित्र असलेल्या टाइल्स. घरातल्या निम्म्यांना हे सगळं जुनाट वाटतं, निम्म्यांना क्लासिक. ठेकेदार म्हणतोय, मोझॅकच्या वरूनच व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजलेल्या, कडक) टाइल्स चिकटवू. काय करावं?

फरशीवाला_पुणे:
आधी एक सांगा, सोसायटी पुनर्विकासाला जायची चर्चा आहे का? असेल तर फरशीत एक रुपयाही घालू नका.

नसेल तर मोझॅक ठेवा. तिचा रंग आणि चिप्स वरच्या काही मिलिमीटर थरात आरपार असतात, त्यामुळे घासली की खालून तोच माल वर येतो. छापील टाइलचं तसं नाही, झिजली की संपली. जुनाट दिसते ती वर्षानुवर्षांच्या ॲसिडने. चिप्स संगमरवराच्या असतात, त्यात चुना. बाथरूमचं ॲसिड किंवा लिंबू पडलं की तो खाल्ला जातो आणि चमक जाते.

पॉलिशचा क्रम: आधी नाणं आपटत सगळी खोली फिरा. बद्द आवाज आला तर ती फरशी खालून सुटली आहे, ती उचलून पुन्हा बसवायची. फटी आणि भोकं रंग जुळवलेल्या सिमेंटने भरून किमान एक दिवस ओलं ठेवा. मग मशीनला ८० नंबरचा घासायचा दगड (नंबर लहान तितका दगड खरखरीत), धुऊन उरलेली भोकं परत भरायची, मग १२०, २२०, ३२०. शेवटी चमक आणायला ऑक्झॅलिक पावडर. घाईत दुसऱ्यांदा भरणं टाळतात, आणि महिन्याभरात त्याच भोकांत काळी घाण बसते.

घासलेला चिखल नाहणी ट्रॅपमध्ये सोडू देऊ नका. त्यात सिमेंट असतं, पाइपात दगड होतो. बादलीत भरून बाहेर.

आर्किटेक्ट_डेक्कन:
वरून चिकटवायचा हिशेब: टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून चौरस फुटाला साधारण अडीच किलो, म्हणजे ५०० फुटांवर सव्वा टन बोजा. उंची १२ ते १५ मिमी वाढते, प्रत्येक दार खालून कापावं लागतं आणि बाथरूमचा उंबरठा बुडतो. पोकळ फरशीवर चिकटवलं तर नवीही सुटणार. मोझॅक उखडलीत तर खालच्या मालासकट चौरस फुटाला बारा किलोच्या आसपास, म्हणजे सहा टन राडारोडा. तो जिन्याने उतरवायचा.

दिसण्याबद्दल बोलायचं तर दोष फरशीचा कमी, उजेडाचा जास्त. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली करडी मोझॅक मेलेली दिसते. ४००० लावा, भिंतीचा निळसर पांढरा काढून किंचित पिवळट पांढरा द्या.

फळांची टोपली मात्र जाऊ द्या. तिला क्लासिक म्हणायला फार मोठं मन लागतं. ओट्यामागचा भाग छोटा, काम दोन दिवसांचं. कडप्पा ठेवा.

पेठकर_काका:
वरच्या क्रमात एक भर. घरात कुठे नक्षीची सिमेंट टाइल असेल, जशी पेठांतल्या जुन्या घरांत दिसते, तिला ८०चा दगड लावू नका. तिचा रंगीत थर मोझॅकपेक्षा पातळ, जाड दगडाने नक्षीच पुसली जाते. ४०० पासून सुरुवात, नाहीतर नुसतं साबणपाणी आणि सीलर. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली भारत टाइल्स अशाच टाइल्स बनवायची, आजही बनवते. फुटलेल्याच्या जागी मिळतीजुळती घडवून मिळू शकते. मोझॅकच्या तुटक्या तुकड्यांसाठी पाडकाम चालू असलेल्या इमारतीत विचारा, कोथरूडात त्यांना तोटा नाही. नवी मोझॅक जुन्याच्या शेजारी नवी म्हणूनच दिसते. पलंगाखालची उचलून दर्शनी जागी लावायची आणि नवी पलंगाखाली.

शिल्पा_कोथरूड:
पुनर्विकासाची चर्चा नाही. बाथरूमचं काय? निळा मलाही आवडतो, पण सांध्यांत काळं झालंय.

फरशीवाला_पुणे:
तिथे आवडीनिवडीआधी गळती बघा. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल असेल तर टाइल्स वाचवण्यात अर्थ नाही, ब्रिकबॅट कोब्यापासून (टाइल्सखालचा विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) सगळं काढावं लागेल. ओल नसेल तर फोडू नका, कारण जमीन फोडताना चांगला कोबाही तडकतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

नुसते सांधे काळे असतील तर एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा पाणी न शोषणारा माल. अडचण अशी की त्या काळी टाइल्स एकमेकींना चिकटवून लावत, फट जेमतेम अर्धा मिमी. एपॉक्सी टिकायला दोनेक मिमी रुंदी-खोली लागते. ग्राइंडरने फट मोठी करताना कडेचं ग्लेझ उडतं, म्हणून हातातल्या स्क्रेपरने करून घ्या आणि आधी दाराआडच्या दोन-चार टाइल्सवर. भरल्यावर एक पूर्ण दिवस पाणी नको.