१४ महिन्यांच्या मुलीसाठी मराठी बालगीतांचे व्हिडिओ सुचवा (बजेट ५०० रु.)

मालाडकरीण
नमस्कार. लेक १४ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात माझं ऑफिस सुरू होतंय, लोअर परळला. घरी सासूबाई सांभाळतील. अडचण अशी की मोबाइलवर गाणी लागल्याशिवाय बाईसाहेब घास घेत नाहीत, आणि लागतं ते सगळं इंग्रजी, भडक, डोळे मिटायच्या आत चित्र बदलणारं. मराठी बालगीतांचे, प्राणी-रंग-अंक शिकवणारे शांत व्हिडिओ हवेत. सासूबाईंना मोबाइलवर शोधाशोध जमत नाही. बजेट एकदाच ५००. दरमहा पैसे भरायचे नाहीत. स्क्रीन वाईट हे ठाऊक आहे, त्यावर भाषण नको प्लीज.

पार्लेकर
भाषण नाही, पण या वयात स्क्रीन नकोच. डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलंय: एक वर्षाच्या मुलांना नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास.

दोन_मुलांचा_बाप
मोबाइल बंद करा आणि ५५ इंची टीव्ही घ्या. आम्ही दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. चित्र काय दिसतं! धाकट्याला दीड वर्षात ए टू झेड पाठ.

डोंबिवली_फास्ट
बजेट ५०० आहे हो.

दोन_मुलांचा_बाप
ईएमआयवर मिळतो.

ठाण्याची_आत्या
कारवां घे गं. स्क्रीनच नाही, बटण दाबलं की गाणं. आमच्याकडे मराठीवाला आहे. नातीसाठी आणला, पण सध्या ह्यांच्या उशाशी असतो. ५०० मध्ये नाही बसणार, पण वस्तू चांगली.

सिंफनी
साधं वाद्यसंगीत लावा, मोझार्ट वगैरे. बुद्धी वाढते. मी गरोदरपणापासून लावत होते, मुलगा आता ऑलिंपियाडच्या क्लासला जातो.

डोंबिवली_फास्ट
मोझार्ट ऐकवून बुद्धी तपासायचा तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, बाळांवर नाही. आणि फरक टिकला दहा-पंधरा मिनिटं. पुढचं सगळं सीडी विकणाऱ्यांनी वाढवलं. बाळं हुशार होतील म्हणून खपलेल्या 'बेबी आइनस्टाइन'च्या डीव्हीडी आठवतात? डिस्नेने २००९ मध्ये घेणाऱ्यांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती.

सिंफनी
माझा मुलगा हुशार आहे, एवढं मला माहीत आहे.

पार्लेकर
ही सगळी अमेरिकन चॅनेलं मुलांना वेड लावतात.

भांडुपचा_भाचा
काका, चुचू टीव्ही चेन्नईचं आहे. २०१३ पासून.

पार्लेकर
गाणी इंग्रजीच ना? मग झालं तर.

वाचा_आणि_भाषा
मी लहान मुलांच्या बोलण्याच्या अडचणींवर काम करते, म्हणून थोडं लांबवते. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. इंग्रजी घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी काहींनी समोर बसून, खेळत, मँडरिनमध्ये गप्पा मारल्या. काही बाळांना त्याच माणसांची डीव्हीडी दाखवली. समोर बसलेल्या माणसाकडून बाळं मँडरिनमधले आवाज ओळखायला शिकली, डीव्हीडीवरून काहीच शिकली नाहीत. म्हणजे 'शिकवणारा' व्हिडिओ शोधण्यात दम घालवू नका. हळू चालीचं, एकच गाणं पुनःपुन्हा लागेल असं काहीही चालेल. सासूबाई शेजारी बसून गातात का, हातवारे करतात का, 'माऊ कुठंय' म्हणून थांबतात का, ते बघा. मूल नुसतं टक लावून बसलं आणि घास गिळतानाही त्याला कळत नसलं, तर बंद करा.

ठाण्याची_आत्या
हेच मी म्हणत होते. कारवां.

गिरगावची_आजी
आम्ही तीन पोरं वाढवली, गॅलरीत उभं राहून चिऊ-काऊ दाखवत. एक घास चिऊचा, एक काऊचा. कुठला व्हिडिओ?

मालाडकरीण
आजी, आम्ही २२व्या मजल्यावर आहोत. चिमण्या नाहीत, कबुतरं आहेत, म्हणून जाळी लावलीय.

भांडुपचा_भाचा
कबुतरांचा विषय नको, धागा बंद पडेल.

पार्लेकर
का नको? दादरच्या कबुतरखान्यावरून जे चाललं होतं ते…

भांडुपचा_भाचा
काका!!

घाटकोपर_आई
युट्यूब किड्स ॲप टाका, फुकट आहे. सेटिंगमध्ये 'फक्त मंजूर केलेलं' निवडून तुम्ही ठरवलेलेच व्हिडिओ ठेवता येतात, मग शोधायची सोयही बंद होते. ऑटोप्ले बंद करा, टायमर लावा. वेळ संपली की ॲप आपोआप थांबतं, आजीला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

दोन_मुलांचा_बाप
ते टीव्हीवरही चालतं. ५५ इंचीवर.

गिरगावची_आजी
दादरला भजनाच्या सामानाच्या दुकानात लहान चिपळ्या आणि खंजिरी मिळते. ५०० च्या आत दोन्ही येईल. पोर वाजवेल, तिची आजी गाईल.

सिंफनी
मजल्यावर खंजिरी? शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर लिहितील. आमच्याकडे एकाच्या तबल्यावरून वर्षभर वाद चालला होता.

वाचा_आणि_भाषा
खंजिरीला माझं अनुमोदन. झांजा घट्ट बसल्यात ना, तेवढं बघून घ्या. सुटी झालेली चकती तोंडात जाते.

मालाडकरीण
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगते. ॲप नको, कारण सासूबाईंच्या हातात मोबाइल दिला की भावजयीचा फोन येतो आणि मुलगी रडते. कारवां बजेटबाहेर. चिपळ्या ऑफिस सुरू झाल्यावर येता-जाता बघेन, आत्ता त्यावर घास जाणार नाही. नणंदेकडे बालगीतांच्या जुन्या व्हीसीडी सापडल्या, बागेत खरी मुलं फेर धरतात तशा. दीर त्या पेन ड्राइव्हवर घेतोय. घरच्या ३२ इंची टीव्हीला लावायच्या, फक्त दुपारच्या जेवणाला, मोजून चार गाणी. पुढचं आपोआप काही लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सासूबाईंना ती गाणी येतात, त्यामुळे त्या गातीलच, सांगावं लागणार नाही. हो, स्क्रीन आहे. घासही जायला हवा.

पार्लेकर
शेवटी केलं ते आपल्या मनाचंच. दोन वर्षांनी चष्मा लागला की कळेल.

डोंबिवली_फास्ट
व्हीसीडीतल्या फाइल डॅट असतात, टीव्ही बहुतेक उघडणार नाही. नावातलं शेवटचं डॅट काढून एमपीजी करून बघा. तरी नाही चाललं तर दिराला एमपी४ करून घ्यायला सांगा. टीव्ही जुना असेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि ते गाणी टाकायच्या आधी, कारण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं.