पाण्याची उपमा: कुठे चालते, कुठे फसते

मुलांना वीज समजावताना पाइपमधल्या पाण्याची उपमा देतात: पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज (विजेला ढकलणारा जोर), प्रवाह म्हणजे करंट (वाहणारी वीज), अरुंद पाइप म्हणजे रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा). पण बटण दाबल्या दाबल्या दिवा लागतो म्हणजे वायरमधले इलेक्ट्रॉन (ज्यांच्या सरकण्याने करंट बनतो ते सूक्ष्म कण) किती जोरात पळत असतील, असा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. त्याचं उत्तरही याच उपमेत आहे. पाइप आधीच पाण्याने भरलेला असेल तर नळ उघडताच दुसऱ्या टोकाचं पाणी लगेच बाहेर येतं, टाकीतलं पाणी तिथपर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही, तसंच वायर आधीच इलेक्ट्रॉन्सनी भरलेली असते. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरमधून १ अँपिअर (करंट मोजायचं एकक) जात असेल तर हे इलेक्ट्रॉन सेकंदाला ०.१ मिमीसुद्धा सरकत नाहीत! एसी करंटमध्ये (म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या करंटमध्ये) तर जागच्या जागीच पुढेमागे.

मात्र जाडीच्या बाबतीत उपमा फसते, आणि हे मुलांना सांगायलाच हवं. पाइपचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाला शांत वाहणारं पाणी १६ पट जातं, वायरचा केला तर करंट फक्त ४ पट, कारण पाणी पाइपच्या भिंतीपाशी अडतं आणि इलेक्ट्रॉनला अडथळा वायरच्या आत सगळीकडे सारखाच असतो.