शेफिल्डमध्ये पातं घडवताना

मनगटात जोर नसेल तर लोहारकाम जमेल का, असं कुणीतरी विचारलंय म्हणून लिहिते. नक्की जमेल. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये मी पातं घडवायला शिकले तेव्हा हातोडा जेमतेम किलोभराचा होता. कस लागतो तो डोळ्यांचा. पोलाद केशरी-पिवळं असतानाच ठोकायचं, लालसर पडलं की परत भट्टीत. माझ्याकडून घाई झाली, गार होत आलेल्या पात्यावर घाव घातला आणि टोकाशी भेग गेली. फार वाईट वाटलं.

पाणी देण्याचा, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन गार करून कडक करण्याचा क्षण मात्र जपून ठेवावा असा. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाला चुंबक चिकटत नाही. त्याहून थोडं जास्त तापवून पातं तेलात बुडवायचं. मग कानस त्यावरून नुसती घसरते! पण तेव्हा ते काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवायचं, फिकट गवती रंग येईपर्यंत.

शेफिल्डला गेलात तर ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेट हे जुन्या पोलाद-कारखान्याचं संग्रहालय बघाच. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात शोधलेल्या पद्धतीची, मुशीत पोलाद वितळवणारी भट्टी तिथे शाबूत आहे. त्या मुशींची माती कामगार अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत.