'बाइट ऑफ मोअर दॅन यू कॅन च्यू'ला 'लहान तोंडी मोठा घास' चालेल का?

तिसरी_ओळ:
सबटायटलसाठी हा पर्याय वारंवार सुचवला जातो. माझं मत: नको. इंग्रजीत अर्थ असा की अंगावर घेतलेलं काम आता पेलत नाही. आपल्याकडे 'लहान तोंडी मोठा घास' म्हणजे वयानं किंवा मानानं लहान असलेल्यानं न शोभणारं बोलणं, वागणं. 'लहान तोंडी मोठा घास घेतोय साहेब, पण हा हिशेब चुकतोय.' इथे बोलणारा आधीच माफी मागून ठेवतोय. कामाखाली दबलेला नाही. तोंड आणि घास दोन्हीकडे आहेत, एवढंच काय ते नातं.

शब्दखिळा:
एवढं ताणू नका हो. संदर्भ समोर असला की प्रेक्षक अर्थ लावतो. आणि जागेचं काय? काना, मात्रा, अनुस्वार, मोकळ्या जागा सगळं धरून ही म्हण १९ चिन्हांत बसते, इंग्रजी मूळ ३१ आहे. प्रेक्षकाचा वाचायचा वेग सेकंदाला १७ चिन्हं धरला तर दोन सेकंदांच्या संवादाला ३४ मिळतात. त्यात अर्थ फोडून सांगत बसणार कधी?

तिसरी_ओळ:
'झेपेल तेवढंच उचल' मोजा. १६.

पाटावरवंटा:
'अंथरूण पाहून पाय पसरावे' कुणीच कसं म्हणालं नाही?

अनुवादी:
कारण ते मुख्यतः ऐपतीचं, खर्चाचं आहे. शिवाय उपदेश आहे. इंग्रजी वाक्प्रचार पुष्कळदा कबुली म्हणून येतो, हातून घडून गेल्यावर. तिथे अंथरूण काय कामाचं? 'एक ना धड भाराभर चिंध्या'ही बाद, कारण तिला कामं अनेक लागतात. इंग्रजीला एकच मोठं काम पुरतं.

मुळात म्हण शोधायचीच कशाला? मराठीत ही कबुली क्रियापदातच आहे. 'तीन लग्नांच्या ऑर्डरी घेतल्या' ही नुसती माहिती झाली. 'तीन लग्नांच्या ऑर्डरी घेऊन बसलो' म्हटलं की त्या 'बसलो'त पश्चात्ताप आलाच. 'होय म्हणून बसले', 'भलतंच अंगावर घेतलं', 'डोईजड झालं'... यातलं काहीही घ्या.

शब्दखिळा:
आणि प्रतिमा गेली वाऱ्यावर! हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. त्याचं मूळ तंबाखूच्या दाबलेल्या वडीत सांगतात: दातानं तुकडा तोडायचा, मोठा आला तर चघळता येत नाही. पात्रं जेवायला बसलीत आणि विनोदच चावण्यावर बेतलाय, अशा प्रसंगी 'घेऊन बसलो' लिहिलंत की विनोद मेला. सरळ 'मोठा घास घेतला' लिहा.

अनुवादी:
'त्यानं मोठा घास घेतला' हे वाचून मराठी माणसाला वाटेल, गड्यानं पैसे खाल्ले! घास घेणं म्हणजे गिळंकृत करणंही होतं. पूर गावाचा घास घेतो. शिवाय आपला घास बोटांनी बांधून तोंडात जातो, दातानं तोडलेला नसतो. जेवणाचाच प्रसंग असेल तर 'बकाणा' वापरा. 'भरलास ना बकाणा? चाव आता!' विनोदही राहतो आणि अर्थही.

माईकमागे:
डबिंगला हिशेब वेगळा. 'बाइट'च्या ब ला आणि 'मोअर'च्या म ला ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये 'झेपेल'नं सुरुवात केली तर ओठ मिटलेले आणि आवाज मात्र उघडा, लगेच खटकतं. 'पेलेल तेवढंच घे' म्हणा. प ला ओठ आपोआप मिटतात.

शब्दखिळा:
बरं, मग धमकी? वेस्टर्नपटातला म्हातारा गुंड अंगावर आलेल्या पोराला हेच वाक्य ऐकवतो. तिथे 'पेलेल तेवढंच घे' म्हणजे काळजीवाहू काका वाटेल.

तिसरी_ओळ:
तिथे मात्र तुमचंच घ्या. समोर वयानं लहान पोर, त्याची झेप त्याच्या ताकदीबाहेरची, आणि बोलणारा त्याला त्याची पायरी दाखवतोय. 'लहान तोंडी मोठा घास घेतोस?' दोन्ही अर्थ एकाच ओळीत बसले. तो 'घेतोस' तेवढा विसरू नका.